अकरा पावलं मागे

जामिलीला नवरी व्हायचं नव्हतं, आणि मला तेच सहन होत नव्हतं. तिला व्हायचं असतं तर मी तिचा नुसता हेवा केला असता, चारचौघी करतात तसा. पण ज्या गोष्टीसाठी मी सात वर्षं झुरले ती तिच्या ताटात आपोआप वाढली जात होती, आणि ही बाई नाक मुरडून ताट बाजूला सारत होती.

ही नवरी खऱ्या लग्नातली नव्हे. आमच्या पोसो दास एमास गावात जूनमध्ये साओ जुआंवचा सण येतो तेव्हा चौकात चोवीस जोड्यांचा नाच होतो. नाचाच्या मध्येच एक खोटं लग्न लागतं. पळून जाऊ बघणारा नवरा, बंदूक घेऊन त्याच्या मागे धावणारा सासरा, झिंगलेला पाद्री, आणि सगळ्यांच्या पुढे, टिकल्यांनी जड झालेल्या पांढऱ्या झग्यात, नवरी. शेजारच्या सहा गावांशी चढाओढ असते. नाच हरला तर गाव नवरीला नावं ठेवतं आणि जिंकला तर वर्षभर पाववाला तिच्याकडून पैसे घेत नाही.

आमच्या गावाचा नाच बसवते माझी मावशी, झुलेइका. तिची आई नवरी होती, ती स्वतः तीन वर्षं नवरी होती, तेव्हा जामिली जन्मली त्याच दिवशी नवरीही ठरली. पंधरावं सरलं की झगा तिचा. मी जामिलीपेक्षा आठ महिन्यांनी मोठी. पण मी बहिणीची मुलगी. माझी आई साओ पाउलोला लोकांच्या घरी काम करते आणि आठव्या वर्षापासून मी मावशीकडे आहे. मावशीने मला कधी उपाशी ठेवलं नाही, कापड आणलं तर दोघींना एकाच ताग्यातलं आणलं, हे सांगायलाच हवं. मात्र पाहुणे आले की ती म्हणायची, "ही माझी लेक, जामिली. आणि ही बहिणीची, आमच्याकडेच असते." मी त्या 'आणि'च्या पुढे सात वर्षं उभी होते.

नवरीच्या सगळ्या गिरक्या मला पाठ होत्या. मागच्या अंगणात कपडे वाळत घालताना मी त्या करायचे, कुणी नसलं की. जामिलीला त्यातल्या निम्म्या येत नव्हत्या. तिला यायचं ते वेगळंच.

ते खूळ तिच्या डोक्यात घातलं अदाउतो सरांनी. ते शाळेत विज्ञान शिकवतात. देशभरातल्या शाळांसाठी अग्निबाणांची एक स्पर्धा असते म्हणे. अग्निबाण म्हणजे कोल्ड्रिंकची प्लास्टिकची बाटली. आत व्हिनेगर आणि खायचा सोडा. दोन्ही एकत्र आले की फसफसून बाटलीत वायू भरतो, दाब चढतो, मग दोरी ओढून खिट्टी सोडायची आणि बाटली सुटते. जितकी लांब पडेल तितकं चांगलं. ज्यांची दोनशे मीटरच्या पुढे जाते त्यांना जूनमध्ये दक्षिणेत अंतिम फेरीला बोलावतात. तिथे खरे अग्निबाण बनवणारे लोक येतात, मुलांशी बोलतात, पुढच्या शिक्षणाची वाट दाखवतात. आणि ही फेरी नेमकी साओ जुआंवच्याच आठवड्यात.

आमच्या घराला मार्चपासून व्हिनेगरचा वास यायला लागला. गाद्यांना, पडद्यांना, ताटातल्या मक्याच्या कुसकुसलासुद्धा.

"सगळ्या घराचं लोणचं घालायचं ठरवलंयस का गं?" मावशी ओरडायची.

"आई, चार थेंब सांडले."

"चार थेंब! कालपासून तुझ्या बापाच्या अकॉर्डियनला वास येतोय. आणि कशासाठी, तर बाटली उडवायला. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायची तुझी खोड जायची नाही. झगा शिवून तयार आहे, गाव वाट बघतंय, आणि ही बाटल्या उडवतेय."

"दोनशे मीटर गेली तर?"

मावशी हसली. "दोनशे? जा. दोनशे गेली तर जा तू दक्षिणेला, मी अवाक्षर काढणार नाही. झगा काय, लेनी आहेच घालायला. पण नाही गेली, तर मुकाट्याने झगा घालायचास आणि पुन्हा ह्या घरात बाटली दिसता कामा नये. कबूल?"

"कबूल," जामिली म्हणाली.

लेनी म्हणजे मी, एदिलेनी. 'लेनी आहेच.' शिळी भाकरी असतेच की घरात, तशी. मी भांडी घासत होते. घासता घासता एका पातेल्याची दांडीच माझ्या हातात आली.

मावशीने आणखी एक अट घातली. अंतिम फेरीला एकटीनेच जायचं असतं, पण इथे बाटली उडवायला दोघींची जोडी लागते, तर जोडीला लेनी हवी. तिला जामिलीवर नजर ठेवायला कुणीतरी हवं होतं. जामिलीला वाटलं आईने मोठाच उपकार केला. तिने मला मिठी मारली. मिठीलाही व्हिनेगरचा वास होता.

गावाबाहेर एक जुनी धावपट्टी आहे. कुणा एका पुढाऱ्याने कधीकाळी बांधली, विमान काही आलं नाही. आता तिथे बकऱ्या चरतात. एप्रिल-मेमध्ये आम्ही तिथे तीसेक बाटल्या उडवल्या. जामिली ह्या टोकाला, आणि मी त्या टोकाला, गुडघाभर गवतात, हातात लाल फडकं बांधलेली खुंटी घेऊन. बाटलीच्या नाकात पांढरी चिकणमाती भरलेली असायची, वजनासाठी. ते नाक जमिनीला जिथे पहिल्यांदा लागेल तेच अंतर धरायचं, कारण नंतर बाटली उड्या मारत कुठेही जाते. म्हणून तिथे खुंटी रोवायला माणूस लागतो. गवतामुळे लांबून काही दिसत नाही. त्या माणसाने खुंटी रोवली की रोवली.

"तिकडे डोळस माणूस लागतं," जामिली सरांना सांगायची, "आणि लेनीच्या नजरेतून मुंगी सुटत नाही."

दर वेळी ती मनगटावरच्या घड्याळात सेकंद मोजायची आणि वहीत मांडायची. इतके सेकंद, इतके मीटर. तीस उड्डाणांचा तक्ता झाला. मला तो दाखवताना तिचे डोळे असे चमकायचे की बघवायचं नाही. संध्याकाळी नाचाच्या तालमीला ती तासभर उशिरा यायची, आणि तोवर मावशी मला पुढे उभी करायची, "लेनी, तिची जागा धर जरा." ती आली की मी पुन्हा तिसऱ्या रांगेत. धावपट्टीवर तिची बाटली कुठे पडते ते बघायला मी, चौकात तिची जागा धरायला मी. आणि दोन्हीकडे टाळ्या तिला. माझ्या पोटात दुखायचं, ते काही वेगळ्या आजाराने नव्हे.

मे महिन्याच्या शेवटच्या शनिवारी सकाळी खरी परीक्षा होती. सर मोजणार, तीन उड्डाणं, त्यातलं सगळ्यात लांबचं धरणार आणि सोमवारी दुपारी बाराच्या आत आकडा कळवणार.

पहिली बाटली एकशे एक्याऐंशी मीटर गेली. जामिलीने लगेच दुसरी भरली.

दुसरी बाटली मी कधी विसरणार नाही. ती वर गेली आणि येईचना. मी मान वर करून मागे सरकत राहिले. मग शीळ वाजल्यासारखा आवाज झाला आणि माझ्यापासून चार हातांवर ती धप्पदिशी आपटली, उडाली, गवतात घरंगळत गेली. जमिनीत बोटभर खोल खड्डा पडला होता आणि नाकातली पांढरी माती निम्मी त्यातच अडकली होती. मी खुंटी रोवली. आम्ही दोनशे मीटरवर चुन्याचा पट्टा मारून ठेवला होता. तो माझ्या मागे नव्हता, पुढे होता, जामिली आणि सर उभे होते त्या बाजूला. म्हणजे बाटली त्याच्या पलीकडे पडली होती. चांगली नऊ-दहा पावलं.

आता मला काहीही करावं लागणार नव्हतं. हे नीट समजून घ्या, कारण मी स्वतः ते पुष्कळदा समजून घ्यायचा प्रयत्न केला आहे. नुसती उभी राहिले असते तर जामिली दक्षिणेला गेली असती आणि झगा माझ्या अंगावर आला असता. मावशीने तसं कबूलच केलं होतं. माझं सात वर्षांचं स्वप्न माझ्या पायाशी खड्डा करून पडलं होतं.

पण मला दिसलं ते वेगळंच. शाळेच्या फाटकावर जामिलीच्या नावाचा कापडी फलक. सर तिच्या पाठीवर थाप मारताहेत. ती बसमध्ये चढतेय, गाव निरोप द्यायला आलंय. आणि मी चौकात तिच्या मापाच्या झग्यात, आणि लोक म्हणताहेत, खरी नवरी ती, पण तिला त्याहून मोठं काहीतरी मिळालं म्हणून ही. तिचं उष्टं. तेही तिने पोट भरलं म्हणून सोडलेलं. मला ते नको झालं. झगा नको झाला, पण तिचं ते जाणं त्याहून नको झालं.

मी खुंटी उपटली. अकरा पावलं मागे, त्यांच्या दिशेने आले आणि रोवली. परत जाऊन खड्ड्यावर गवत ओढलं. मग हात वर केला.

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं असतात म्हणतात. त्या दिवशी माझं नाक कापून झालं आणि मला दुखलंही नाही.

सर आणि जामिली फीत धरत, पन्नास-पन्नास मीटर मोजत आले. खुंटीशी पोचल्यावर सरांनी दोनदा आकडा बघितला. "एकशे अठ्ठ्याण्णव, सत्तर."

"एक मीटर तीस कमी?" जामिली म्हणाली. मग माझ्याकडे बघितलं. "इथेच लागली ना, लेनी?"

"इथेच."

तिने मान हलवली. तिला खरं वाटलं हे बघून मला तिचा रागच आला. जरा तरी संशय घ्यायचास.

तिसऱ्या वेळी तिने घाईने जास्त सोडा भरला. बाटली खिट्टीतून तिरकी निसटली, सरांना व्हिनेगरची आंघोळ घालून बकऱ्यांच्या कळपात घुसली आणि संपलं. सर चष्मा पुसत म्हणाले, "पुढच्या वर्षी." पण पुढचं वर्ष नव्हतं, हे आम्हा दोघींना माहीत होतं.

घरी मावशीने जामिलीला बघितल्यावरच ओळखलं. तिने टोमणा मारला नाही, उलट जवळ घेतलं, डोक्यावरून हात फिरवला. "असू दे गं राणी. तुझ्या नशिबात वर बघणं नाही, लोकांनी तुझ्याकडे बघणं आहे." मक्याची गोड खीर केली. काका अकॉर्डियन घेऊन तिच्या आवडीचं वाजवत बसले. मी दारात उभी होते. म्हणजे हरली तरी लाड तिचेच.

रविवारी सकाळी झगा घालून बघायचा होता. जामिली स्टुलावर उभी आणि मी खाली गुडघ्यांवर, तोंडात टाचण्या, घेर धरून. तो कुठेही सैल नव्हता. तिच्या हातात घड्याळ होतं आणि ती त्याची कळ दाबत होती, सोडत होती, दाबत होती.

"लेनी, साडेसहा सेकंद लागले होते तिला."

"हलू नकोस."

"साडेसहाला दोनशेच्या खाली कधीच आली नाही. तीसपैकी चारदा साडेसहा होते. चारही वेळा दोनशे पाचच्या पुढे. माझ्या हिशोबाने दोनशे सात यायला हवी."

"वारा असेल."

"नव्हता वारा. म्हणजे माझं बोट उशिरा पडलं. पडली तेव्हा लगेच दाबलं नाही मी." तिने पुन्हा कळ दाबली. "पण मग आधीच्या तीस वेळाही उशिरा पडलं असेल. म्हणजे तो सगळा तक्ताच चुकीचा. आई बरोबर म्हणते. मला ह्यातलं काही कळत नाही, उगाच कळतं असं वाटत होतं."

तिने एकदाही म्हटलं नाही की खुंटी चुकली असेल. मी टाचणी टोचली ती माझ्याच बोटात.

दुपारी ती झोपली तेव्हा मी स्वयंपाकघरात गेले आणि मावशीला सगळं सांगितलं. का सांगितलं? मला वाटतं, मला मार हवा होता. मार बसला की हिशोब मिटतो, लहानपणापासूनची माझी समजूत. मावशी मका किसत होती. तिचा हात थांबला.

"किती पावलं?"

"अकरा."

"सरांनी बघितलं?"

"नाही."

"आणि जामिलीला?"

"तिला वाटतंय तिचंच चुकलं."

मावशीने किसणी खाली ठेवली, हात पदराला पुसावेत तसे एप्रनला पुसले आणि माझ्याजवळ आली. मी डोळे मिटले. तिने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाची पापी घेतली.

"माझी लेक," ती म्हणाली. "एवढ्या घरात एकटी तुलाच अक्कल आहे. ती तिकडे गेली असती की परत आली नसती, ठाऊक आहे तुला? तुझी आई गेली, आली परत? आता तोंड मिटून ठेव. ह्या वर्षी ती नाचेल, पुढच्या वर्षी झगा तुझा. माझा शब्द."

सात वर्षं ज्याच्यासाठी मी कान टवकारून बसले होते ते दोन शब्द मला असे मिळाले. मी खोटं बोलणार नाही, मला आनंद झाला. इतका, की त्या संध्याकाळी तालमीत तिसऱ्या रांगेत मी अशी नाचले की बाजूचा मुलगा म्हणाला, आज काय खाल्लंयस. रात्री माझ्या कुसकुसवर लोण्याचा गोळा दुप्पट होता. टिकल्या लावणारी बाई आली तेव्हा मावशी म्हणाली, "ह्या माझ्या दोघी लेकी." 'आणि' नव्हतं. जामिली ताटातलं चिवडत होती आणि मी पहिल्यांदाच तिच्याकडे न जळता बघितलं. एक जेवण होईपर्यंत तरी.

सोमवारी सकाळी उठले तर जामिली बैठकीच्या खोलीत जमिनीवर बसून कात्रीने कागद कापत होती. सणाला चौकावर दोऱ्यांनी लावतात त्या त्रिकोणी पताका. आजूबाजूला लाल, पिवळे कागद होते, पण ती कापत होती त्यांवर शाईच्या रेघा होत्या. तिची वही होती. पान फाडायचं, दुमडायचं, कातरायचं. पंचवीसेक पताका झाल्याही होत्या, एका मापाच्या, नीट.

"वाया कशाला घालवायचे," ती म्हणाली. "गोंद लाव ना तू. एका दोऱ्याला चाळीस बसतात."

मी बसले. गोंदाचं बोट फिरवलं. हातात आली त्या पताकेवर तक्त्याची शेवटची ओळ होती. साडेसहा सेकंद. पुढे दोनशे सात, खोडलेलं. पुढे एकशे अठ्ठ्याण्णव, सत्तर. आणि खाली, लहान अक्षरात: चूक माझी.

मला तिची दया आली असं म्हणायला मी काही साध्वी नाही. मला संताप आला. मला हिला एकदा हरवायचं होतं, समोरासमोर, चौकात, सगळ्यांच्या देखत. आणि ही मात्र कुणी न बघता गवतात सरकवलेल्या एका काठीपुढे आडवी पडली होती. माझ्या शब्दावर. माझ्या शब्दाची तिने जेवढी किंमत केली तेवढी आजवर कुणीच केली नव्हती, मावशीनेसुद्धा. मावशीने केली ती माझ्या खोट्याची.

"कात्री ठेव," मी म्हणाले. "सरांकडे चल."

"आता? कशाला?"

"चल म्हणते ना."

मावशी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"लेनी," ती हळू आवाजात म्हणाली, "हा उंबरा ओलांडलास तर तो झगा ह्या जन्मात तुझ्या अंगाला लागणार नाही."

मी चपला घातल्या.

"बहिणीची ती बहिणीचीच," मावशी म्हणाली. "उगाच नाही म्हणत लोक."

त्या वर्षी नवरी झाली ती खाटकाची सिल्वाना. आमचं गाव पाचवं आलं. हे आत्ताच सांगून टाकते, म्हणजे तुमचं लक्ष तिकडे लागून राहायला नको. मावशीने शब्द पाळला. तो झगा मी आजपर्यंत फक्त धुतला आणि इस्त्री केला आहे.

सर शाळेच्या व्हरांड्यात मोटारसायकल पुसत होते. मी त्यांना आणि जामिलीला एकदमच सांगितलं, जमिनीकडे बघत. खुंटी, पावलं, गवत. सरांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. जामिली माझ्याकडे बघत होती, पण तिच्याकडे बघायची माझी छाती नव्हती.

"नुसतं सांगून मला आकडा बदलता येणार नाही," सर म्हणाले. "खड्डा दाखवू शकशील?"

"हो."

त्यांनी घड्याळ बघितलं. दहा वाजून गेले होते. तिघं एकाच मोटारसायकलवर बसलो. पुढे सर, मध्ये जामिली, मागे मी. रस्ता खराब, त्यामुळे मला तिच्या कमरेला धरावं लागलं. मी वाट बघत होते. आता हात झटकेल, आता ढकलून देईल. ढकललं असतं तर मी पडले असते आणि मला बरं वाटलं असतं.

गवत दोन दिवसांत आणखी चढलं होतं, पण मला शोधावं लागलं नाही. त्या जागेवर डोळे बांधूनही गेले असते. मी गवत बाजूला केलं. खड्डा होता. त्यात पांढऱ्या चिकणमातीचा गोळा, वाळलेला, आणि त्यावर बाटलीच्या नाकाचा गोल ठसा. सरांनी गुडघ्यांवर बसून तो नीट बघितला. मग त्यांनी फीत काढली. माझ्याकडे त्यांनी तिचं टोकही दिलं नाही. दोघांनीच मोजलं, ती आणि सर, पार त्या टोकापासून. मी खड्ड्याशी उभी होते, बकऱ्या माझ्या भोवती चरत होत्या.

"दोनशे सात," सर म्हणाले. "दहा सेंटिमीटर."

जामिली खाली बसली. तिने त्या खड्ड्यात बोट घातलं, मातीचा ठसा चाचपला, आणि एकदम हसायला लागली. मग रडायला लागली, पण ते हसण्यासारखंच होतं.

"बोट उशिरा नव्हतं पडलं," ती म्हणाली. "सर, तक्ता बरोबर होता. सगळा तक्ता बरोबर होता."

"बरोबर होता," सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं, आणि ती नजर मी विसरायला तयार आहे.

मी जामिलीसमोर जाऊन उभी राहिले. आता मारेल. निदान एक शिवी तरी. मी दोन दिवस तिचं सगळं घेऊन बसले होते आणि परत द्यायला स्वतःचं सगळं घालवून आले होते. एवढ्यावर माझा एका थपडेचा तरी हक्क होता. तिने वर बघितलं. तिचे डोळे ओले होते आणि त्यांत मी कुठेच नव्हते. ती माझ्यातून पलीकडे बघत होती, कुठल्यातरी सेकंदांकडे आणि मीटरांकडे.

"लेनी," ती म्हणाली, "फितीचं टोक धर ना इथे. एकदा परत मोजूया."

"मी?" मी म्हणाले.

"मग कोण? सरांना दिसत नाही नीट."

मी वाकून टोक धरलं. ती फीत उलगडत, गवत तुडवत, जवळजवळ पळतच निघाली. का केलंस, हे तिने मला तेव्हा विचारलं नाही. बसमध्ये चढतानाही नाही, आणि आता दक्षिणेतून फोन करते तेव्हाही नाही. मी तिच्या वाटेत आडवी पडले होते, आणि तिला ते ठेच लागल्याइतकंही लागलं नव्हतं. मी हेवा करत आले तो झग्याचा आणि टाळ्यांचा. खरा हेवा करायला हवा होता तो माझ्यातून पलीकडे बघणाऱ्या त्या डोळ्यांचा, हे मला त्या गवतात, फितीचं टोक दाबून धरताना कळलं, आणि तो अजून संपलेला नाही.